पावसाळा तोंडावर आलाय, व्हिनिअरची पानं घरात ठेवू कुठे?

पटाशीवाला | १४ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी.

ठाण्यात पाचव्या मजल्यावर राहतो. बाल्कनी बंद करून तिथे छंद म्हणून थोडं सुतारकाम करतो. पेट्या, ट्रे, फोटोच्या चौकटी, फार तर एखादं छोटं टेबल. ओळखीतल्या एकांनी फर्निचरचा कारखाना बंद केला. त्यांच्याकडची उरलेली कच्ची व्हिनिअर (प्लायवर चिकटवायचे लाकडाचे पातळ, सुटे काप) ते मला देताहेत, जवळपास फुकट. साग सगळ्यात जास्त, थोडा अक्रोड, थोडा ओक. जाडी अर्धा मिलिमीटर, लांबी आठ फूट, रुंदी सहा ते दहा इंच. तीसेक पानं असतील.

आता ठेवायची कुठे? बाल्कनीत भिंतीला टेकवून उभी ठेवता येतील. बाथरूमवरच्या माळ्यावर जागा आहे. दिवाणात जागा करता येईल. नाहीतर गुंडाळी करून कपाटावर. पाचवा पर्याय घरून आलाय, तो म्हणजे "आणूच नकोस".

ज्यांनी पावसाळ्यात व्हिनिअर सांभाळली आहे त्यांनी सांगा. एवढं चांगलं लाकूड जुलैत बुरशीच्या घशात घालायचं नाहीये.

टवाळखोर | १४ मे, रात्री १०:३१

पाचवा पर्याय बहुमताने मंजूर. संपादक, धागा बंद करा. :)

भवानीपेठी | १४ मे, रात्री ११:०५

उभी ठेवायची नाहीत, हे आधी लिहून ठेवा. आमचं दुकान पुण्याच्या टिंबर मार्केटात होतं. कच्ची पानं टेकवलेली कधी पाहिली नाहीत. अर्ध्या मिलिमीटरला स्वतःचा कणा नसतो. उभं केलं की आठवड्यात पोटात बाक येतो, खालची कड दबून चिरते आणि ती चीर रेषेच्या दिशेने वर चढत जाते.

दुकानात आठ बाय चारचे जे तक्ते उभे दिसतात ते प्लायवर आधीच चिकटवलेले असतात, साडेतीन-चार मिलिमीटरचे. त्यांचं गणित वेगळं. तेही तिरके टेकवले तर वाकतातच, पण सरळ उभे, दोन्हीकडून आवळून ठेवले तर चालतात. तुमच्याकडे आहे ते सुटं पान. ते आडवंच राहणार, पूर्ण लांबीला खालून आधार देऊन आणि वरून सपाट दाब देऊन.

आमच्याकडची पद्धत अशी. खाली १२ मिमी प्लायची फळी, त्यावर पानं, वर तशीच दुसरी फळी, दोन-दोन फुटांवर पट्ट्याने आवळायचं. पट्टा पानाला लागता कामा नये, फळीच्या कडेवरून जायला हवा. टोकांना ओला करून चिकटवायचा कागदी टेप लावायचा, कारण पान फाटतं ते नेहमी टोकाकडून. मास्किंग टेप तात्पुरता ठीक, पण वर्षभर राहिला तर काढताना लाकडाचे तंतू उचलून आणतो.

आणि एक. पानांचा क्रम मोडू नका. एकाच ओंडक्यातून पाठोपाठ कापलेली पानं असतात. शेजारशेजारची दोन पुस्तकासारखी उघडली की रेषा आरशातल्यासारखी जुळते. क्रम गेला की ती जोडी पुन्हा शोधणं म्हणजे डोळे फुटायचं काम. आणताना प्रत्येक पानाच्या टोकाला खडूने आकडा टाका. पेन नको, पॉलिशखाली शाई पसरते.

अबोली | १५ मे, सकाळी ८:१२

भवानीपेठी, फार छान माहिती. वाचनखूण साठवली.

दिवाणाबद्दल मात्र माझा विरोध नोंदवून ठेवा. दिवाणात गाद्या, रजया, पाहुण्यांच्या उश्या आणि सासूबाईंची पैठणी असते. त्यात आठ फुटी साग शिरला की पैठणीचा जीव गेला.

शंकासुर | १५ मे, सकाळी ९:४०

मूलभूत शंका. साधा डबल बेड आतून साडेसहा फूट. पान आठ फूट. दिवाणात जाणार कसं?

टवाळखोर | १५ मे, सकाळी ९:४४

कर्णावर! साडेसहा बाय सहाचा कर्ण पावणेनऊ फुटांच्या वर जातो. शाळेतलं पायथागोरस आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं, पेढे वाटा.

पटाशीवाला | १५ मे, सकाळी १०:०२

दिवाणाला मधोमध आडवी फळी आहे हो, सगळ्यांच्याच असते. पायथागोरस परत शाळेत.

@भवानीपेठी, मनापासून आभार. उभी बाद. पण मग प्लास्टिकचं काय? कारखान्यातले काका म्हणाले, काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळ आणि विसरून जा.

कुडाळचो_बाबल्या | १५ मे, दुपारी १:२५

प्लास्टिक नको रे बाबा! आमच्याकडे जूनपासून भिंतीक पण घाम येता. (बरं, प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर ओरडा पडतो.) सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीही गणपतीत उघडा, आत पांढरी-हिरवी लव धरलेली असते. लाकडाला वारा लागला पाहिजे. आमचे जुने लोक कामाचं लाकूड माळ्यावर, चुलीच्या वरच्या अंगाला टाकत. खालून ऊब, धूर, वरून कौलं. ना बुरशी ना कीड.

निवृत्त_मास्तर | १५ मे, दुपारी ४:५०

बाबल्याशेठ, अनुभव शंभर टक्के खरा, कारण मात्र चुकीचं चिकटवलंय. थोडं सविस्तर लिहितो, पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात गेली आहे.

लाकूड भोवतीच्या हवेप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ८५ झाली की तेच १७ च्या पुढे जातं. पुण्यातल्या मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी ३० टक्के आर्द्रता असेल तर ६ च्या जवळ उतरतं. जाड फळीला या फरकाशी जुळायला आठवडे-महिने लागतात. अर्ध्या मिलिमीटरचं उघडं पान तासाभरात बदलायला लागतं. पापड वाळत घालणाऱ्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

आता प्लास्टिक. पॉलिथिन स्वतः पाणी तयार करत नाही, फक्त वाफ अडवतं. एक घनमीटर हवा ३० अंशांना पूर्ण दमट झाली तरी तिच्यात पाणी असतं ३० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या गुंडाळीतली हवा त्याचा अगदी बारका अंश. उलट तीस पानांचं वजन धरा पाच किलो. ती १७ टक्क्यांवर असतील तर ७०० ग्रॅमच्या वर पाणी लाकडातच बसलंय. म्हणजे गुंडाळीच्या आतलं हवामान लाकूड ठरवतं. ओलं लाकूड बंद केलंत तर आत कायमचा श्रावण. कोरडं लाकूड बंद केलंत तर बाहेर कितीही कोसळू दे, आत बरेच महिने मेच राहतो.

कोकणात बुरशी आली ती बहुधा जूनमध्ये, हवा चढल्यावर गुंडाळलं म्हणून. "प्लास्टिक हवं की नको" यापेक्षा "प्लास्टिक कधी" हा प्रश्न मोठा आहे.

कुडाळचो_बाबल्या | १५ मे, संध्याकाळी ६:०३

मास्तर, कागदावर पटतंय. पण प्लास्टिकला एक टाचणीएवढं भोक पडलं की तुमचा मे गेला. आणि घरात उंदीर असतात हे तुमच्या समीकरणात कुठे बसतं?

निवृत्त_मास्तर | १५ मे, संध्याकाळी ६:४१

उंदीर समीकरणात बसत नाही, मान्य. टाचणीएवढ्या भोकातून वाफ फार हळू शिरते, त्याला महिने लागतील. पण घडीची कड किंवा नीट न चिकटलेला टेप ही खरी गळती, आणि ती सगळ्यांच्या गुंडाळीत असते. म्हणून पावसाळ्यात एकदा उघडून बघावं. तेही एसी चालू असलेल्या खोलीत.

रंधाराव | १५ मे, रात्री ९:१५

सिलिका जेलच्या पुड्या टाका की आत. बुटांच्या खोक्यात येतात त्या जमवून ठेवल्यात मी.

निवृत्त_मास्तर | १५ मे, रात्री ९:३८

बुटांच्या पुडीत दोन-पाच ग्रॅम जेल. जेल फार फार तर स्वतःच्या वजनाच्या पंचवीस-तीस टक्के पाणी धरतं. पाच किलो व्हिनिअर १७ वरून ९ वर आणायची तर साडेतीनशे-चारशे ग्रॅम पाणी काढायला हवं. दीड-दोन किलो जेल लागेल. तेवढे बूट घेतलेत तर व्हिनिअरपेक्षा महाग पडतील.

मुळात कोरडं असलेलं लाकूड कोरडं ठेवायला थोडं जेल उपयोगी आहे, नाही असं नाही.

टवाळखोर | १५ मे, रात्री ९:४१

मास्तरांनी रंधारावांना जेल घडवली.

बर्फाळ_मराठी | १६ मे, सकाळी ६:५०

मिनेसोटाहून. तुमचं दुखणं आमच्याकडे उलटं. जानेवारीत बाहेर उणे वीस, आत हीटर. घरातली आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते. बुरशीचं नावही ऐकायला मिळत नाही, पण उघडं राहिलेलं पान हातात घेतलं की टोकापासून तडकतं, आवाज करत. इथले लोक तळघरातल्या कामाच्या जागेत ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ३५-४० वर धरतात. माझी पानं दोन एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या) फळ्यांमध्ये, सगळं मिळून एका पॉलिथिनच्या पिशवीत. वर्षाचे बाराही महिने तसंच.

म्हणजे तुम्ही पाणी बाहेर ठेवायला जे करताय तेच मी आत ठेवायला करतोय. मास्तरांना +१.

अवांतर: जमा केलेली शिसवीची पानं भारतातून आणावीत असा मोह होतो. कोणी आणली आहेत का?

भवानीपेठी | १६ मे, सकाळी ९:०५

@बर्फाळ, मोह आवरा. शिसवीच्या कुळातली जवळपास सगळी झाडं २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वजनाची मुभा आहे ती तयार वस्तूंना. सुटी व्हिनिअर तयार वस्तू धरली जात नाही. परवान्याच्या कागदांशिवाय बॅगेत घालाल तर तिकडच्या विमानतळावर ठेवून यावी लागेल.

रंधाराव | १६ मे, सकाळी ११:३०

मास्तरांनी माझी जेल काढली तरी मी परत आलोय. :) माझा मुद्दा वेगळा. आर्द्रता मोजताय कशाने? दोनशे-तीनशेत मिळणारे डिजिटल मीटर पाच-सात टक्के इकडेतिकडे सहज दाखवतात. आधी मिठाची चाचणी करा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात दोन-चार थेंब पाणी. मीठ विरघळता कामा नये, नुसतं ओलं रेताड व्हायला हवं. ते झाकण आणि मीटर एका घट्ट पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवं. ६९ दाखवत असेल तर तुमचा मीटर सहा कमी सांगतो, मीटरवर मार्करने लिहून टाका.

निवृत्त_मास्तर | १६ मे, सकाळी ११:४४

शाब्बास. जेलमधून सुटका.

पटाशीवाला | १६ मे, दुपारी १२:२०

रंधाराव, चाचणी लावली आहे, उद्या आकडा सांगतो. बाल्कनीत आत्ता ६८ दाखवतंय, एसीच्या खोलीत ५२.

म्हणजे माळा उरला. बाथरूमवरचा माळा, वर सहावा मजला. स्लॅब तापत नाही. चालेल?

अबोली | १६ मे, दुपारी १:०२

बाथरूमवरचा माळा? तिथे आमच्याकडे गणपतीचं मखर ठेवलं होतं, पुठ्ठा सुद्धा मऊ पडला. खालून गरम पाण्याची वाफ, त्यात बऱ्याच इमारतींत वरच्या बाथरूमचे पाइप तिथूनच जातात. गळती सुरू झाली की आधी तुमच्या सागाला कळेल, मग तुम्हाला.

भवानीपेठी | १६ मे, दुपारी १:३०

अबोलीताईंशी सहमत. आणि बाबल्यांचा चुलीवरचा माळा फळ्यांसाठी उत्तम, पानांसाठी नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तापणार आणि मधे गार होणार. पानाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो या चढउताराचा. कायम ६० टक्क्यांवर राहिलेलं पान रोज ४० ते ८० फिरणाऱ्या पानापेक्षा सरळ राहील.

हिशेब बघायचा असेल तर सागाचं दहा इंची पान ६ टक्के पाण्यावरून १७ वर गेलं की रुंदीत चार-पाच मिलिमीटर फुगतं, सपाट काप (कमानीसारख्या रेषांचा) असेल तर. उभ्या, सरळ रेषेचं असेल तर त्याच्या निम्मं. सगळं पान एकसारखं फुगलं तर काही बिघडत नाही. पण कडा आधी फुगतात आणि मधला भाग मागे राहतो. मग लाटा येतात.

शंकासुर | १६ मे, दुपारी ३:१०

लाटा आल्याच तर? फेकायचं?

भवानीपेठी | १६ मे, दुपारी ३:५५

फेकायचं कशाला. ग्लिसरीन मेडिकलमध्ये मिळतं. एक भाग ग्लिसरीन, सात-आठ भाग पाणी, फवाऱ्याने दोन्ही बाजूंनी हलकं मारायचं. पान लवचीक झालं की कोऱ्या कागदांमध्ये घालून दोन फळ्यांत दाबायचं. कागद पहिल्या दिवशी दोनतीनदा बदलायचा, मग रोज, पान कोरडं लागेपर्यंत. घाई केली तर काढल्यावर पुन्हा वळतं. गाठीचं, वेडंवाकडं रेषांचं लाकूड असेल तर दोनदा करावं लागतं. वर्तमानपत्र अजिबात नको, ओल्या लाकडावर अग्रलेख उमटतो.

टवाळखोर | १६ मे, दुपारी ३:५९

हल्लीचे अग्रलेख लाकडावर तरी उमटतात, वाचकांवर उमटत नाहीत.

कुडाळचो_बाबल्या | १६ मे, संध्याकाळी ५:२०

राजकारण नको, धाग्याचं काश्मीर करू नका.

दाबायला वजन काय ठेवता तुम्ही? माझ्याकडे आजीचं जातं आहे. एका तळीचं वजन भरपूर आणि एकदम सपाट. बायको म्हणते दळण तर कधी होत नाही, निदान सुतारकी तरी होऊ दे.

भवानीपेठी | १६ मे, संध्याकाळी ५:४४

जातं उत्तम! लोखंडापेक्षा कधीही बरं. ओक आणि साग, ओक जास्त, यांच्यात टॅनिन (तुरट द्रव्य) असतं. ओल्या पानावर लोखंड टेकलं की निळा-काळा डाग पडतो आणि तो आतपर्यंत जातो. डंबेल, जुने रूळ, खिळ्यांचा डबा, काहीही थेट नको. मधे फळी हवीच. डाग पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने फिका होतो, पण हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने पुसून. म्हणजे पुन्हा ओलं, पुन्हा दाबणं. त्यापेक्षा पट्ट्याची बकलसुद्धा पानापासून लांब ठेवा.

अबोली | १६ मे, रात्री ८:३०

कीड लागत नाही का याला? आमच्या आंब्याच्या पाटाखाली रोज पिवळसर पीठ पडायचं.

रंधाराव | १६ मे, रात्री ९:१०

लागते. मैद्यासारखं बारीक पीठ पडत असेल तर तो बारका भुंगा. त्याला लाकडातला स्टार्च हवा असतो, म्हणून तो गाभ्याबाहेरच्या पांढऱ्या लाकडात शिरतो. आंबा, रबरवुड, ओकचा पांढरा भाग ही त्याची आवडती ठिकाणं. सागाच्या गाभ्याला हात लावत नाही, पण सागाच्या पानालाही कधी कधी कडेने पांढरी पट्टी असते, ती बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या पानात अळीला फार जागा नसते, पण गठ्ठा दाबून ठेवला की त्याच्यासाठी ती सलग फळीच. डांबरगोळ्यांनी फक्त वास येतो, तोही वर्षभर जात नाही.

लहान तुकडे असतील तर पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये, उणे अठराला दोन आठवडे. संग्रहालयांत लाकडी वस्तूंसाठी हीच पद्धत वापरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पानांवर दव धरतं.

टवाळखोर | १६ मे, रात्री ९:१४

आठ फुटी पान डीप फ्रीझरमध्ये. कर्णावर?

पटाशीवाला | १७ मे, सकाळी ८:०५

मीटरचा निकाल: ७१. म्हणजे माझा मीटर चार कमी सांगतो. बाल्कनी ७२ आणि खोली ५६ धरायची.

आता खरा पेच. मी पेट्या आणि ट्रे बनवतो. चार फुटांपेक्षा मोठं काही करत नाही. मग सगळी पानं आत्ताच मधून कापून चार-चार फुटांची केली तर? दिवाणात बसतील, माळ्यावर बसतील, कुठेही बसतील.

भवानीपेठी | १७ मे, सकाळी ८:४०

शांतम् पापम्. आठ फुटी जुळी पानं कोणी मधून कापतं का? उद्या दरवाजा करावासा वाटला तर? लांबी परत येत नाही.

बर्फाळ_मराठी | १७ मे, सकाळी ९:२२

भवानीपेठींचा अनुभव मोठा आहे, तरी इथे मी त्यांच्या विरोधात. ज्यांची कामं छोटी आहेत त्यांनी आठ फुटांची पूजा का करायची? लांब पान हलवताना जितकं फाटतं तितकं ठेवून फाटत नाही. दोन माणसं लागतात, वळणावर टोक आपटतं. मी सगळी पाच फुटांवर कापली आहेत. अट एकच, गठ्ठा हलू न देता, क्रम न मोडता, वर-खाली फळी आवळून एकदम कापायचा. म्हणजे दोन गठ्ठे होतात आणि दोन्हींत जोड्या शाबूत राहतात. खडूचा आकडा मात्र कापायच्या आधी दुसऱ्या टोकालाही टाका.

भवानीपेठी | १७ मे, सकाळी १०:००

तसं असेल तर निदान सगळी नका कापू. सागाचे सगळ्यात रुंद दहा-बारा राहू द्या अखंड. व्यापाऱ्याचा पोरगा आहे, कापताना हात थरथरतो.

निवृत्त_मास्तर | १७ मे, सकाळी १०:३५

उजेडाचं कोणी बोललं नाही अजून. अक्रोड उन्हाने फिका होतो. ताजा कापलेला साग आधी पट्टेदार, डागाळलेला दिसतो आणि उजेडात सोनेरी, एकसारखा होत जातो. एखादं पान गठ्ठ्यातून चार बोटं बाहेर राहिलं तर वर्षभराने तेवढा भाग वेगळ्या रंगाचा. पॉलिशखाली तो पट्टा स्पष्ट दिसतो. बाल्कनी त्यामुळेही बाद. फळ्यांच्या बाहेर कड डोकावता कामा नये.

अबोली | १७ मे, दुपारी १२:१५

एक बाळबोध प्रश्न विचारू का? बेडरूममध्ये भिंतीभर कपाट असेल ना तुमच्या? त्याच्या डोक्यावर काय आहे?

पटाशीवाला | १७ मे, दुपारी १२:४८

बॅगा. आणि एक न वापरलेलं ट्रेडमिलचं खोकं.

कपाट नऊ फूट लांब आहे, दोन फूट खोल. वर छतापर्यंत फूटभर जागा. एसी त्याच खोलीत. अबोलीताई, मी पहिल्या पोस्टमध्ये "गुंडाळी करून कपाटावर" लिहिलं होतं आणि तिथेच अडकलो. आडवी ठेवायची हे सुचलंच नाही.

भवानीपेठी | १७ मे, दुपारी १:२०

गुंडाळीचं कोणी उत्तर दिलं नव्हतं, देतो. कुरिअरने पाठवायला, चार दिवसांसाठी, मोठ्या व्यासाची चालते. साठवायला नाही. वळण धरतं आणि कोरडं पडल्यावर उलगडताना रेषेवर फाटतं.

कपाटाचा माथा झकास. आठ बाय चारची एक १२ मिमी प्लाय घेऊन दुकानातच फूट-फूट रुंदीत चिरून घ्या, चार फळ्या होतील. दोन जोड्या. एकीत साग, दुसरीत अक्रोड-ओक. भिंत बाहेरची असेल तर तिला चिकटवू नका, चार इंच सोडा. ओल भिंतीतूनच येते. नवी प्लायसुद्धा आधी आठवडाभर त्या खोलीत ठेवा, गोदामातली ओल घेऊन येते ती.

निवृत्त_मास्तर | १७ मे, दुपारी १:५५

आणि पानंही, फळ्यांमध्ये सैल ठेवून, दोन-तीन दिवस त्याच खोलीत, एसी चालू ठेवून. मग मीटर ५५-६० मध्ये स्थिर झाला की काळं प्लास्टिक. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत. त्यानंतर एसी फक्त रात्री चालला तरी फळ्या आणि प्लास्टिक मिळून दिवसाचा चढउतार आत पोचू देणार नाहीत.

कुडाळचो_बाबल्या | १७ मे, दुपारी २:३०

मी अजूनही प्लास्टिकऐवजी जुनी चादर म्हणेन. पण ठाण्यात एसी आहे, आमच्याकडे लाइट असेल तर पंखा. तुमचं चालेल. ऑगस्टमध्ये उघडून फोटो टाका, मग कोण बरोबर ते बघू.

पटाशीवाला | १७ मे, रात्री १०:१०

ठरलं. कपाटाच्या माथ्यावर, दोन जोड्या. सागाची रुंद पानं अखंड, बाकीची बर्फाळरावांच्या पद्धतीने पाच फुटांवर. ट्रेडमिलचं खोकं कुठे जाणार यावर घरी स्वतंत्र धागा सुरू झालाय.

आता नवी अडचण. लिफ्टमध्ये सात फुटांच्या वर काही उभं राहत नाही, मोजून आलो. आठ फुटी फळ्या जिन्याने पाच मजले.

टवाळखोर | १७ मे, रात्री १०:१३

लिफ्टचा कर्ण मोजला का?

पटाशीवाला | १७ मे, रात्री १०:१५

मोजला. सव्वासात.

भवानीपेठी | १७ मे, रात्री १०:४०

जिन्यानेच न्या. आधी रिकाम्या फळ्या चढवून बघा, कुठल्या वळणावर अडतात ते कळेल. मग पानं मधे घालून चार ठिकाणी आवळा आणि दोघांनी कडेवर उभी धरून न्या. आडवी धरलीत तर मधे झोल पडतो. पुढे चालणारा शांत स्वभावाचा हवा.

शंकासुर | १७ मे, रात्री १०:५२

पटाशीवाले, मी मुलुंडला आहे. रविवारी मोकळा आहे. ओकचं एखादं पान उरत असेल तर स्वभाव शांत ठेवता येईल.